खालून टाकायचा चेंडू

भीमराज पाईकरावला पहिला धक्का बसला तो उजव्या तळहाताला.

सातवीतली त्याची लेक आकांक्षा शाळेतून आली, दप्तरातून संत्र्याहून मोठा पिवळाजर्द चेंडू काढला आणि म्हणाली, पप्पा, झेला. सॉफ्टबॉल म्हणतात त्याला, हेही तिनं सांगितलं. नावातच सॉफ्ट असलेल्या वस्तूला भ्यायचं कशाला, म्हणून भीमराजनं खुर्चीवरून न उठता एक हात पुढं केला. चेंडू तळहातावर आदळला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं कळमनुरीतले सगळे विजेचे खांब एकदम पेटले. तालुक्याच्या एका कार्यालयात तो आवक-जावक सांभाळायचा. त्या हाताला पुढं दोन दिवस शिक्काही उचलेना. ज्यानं या चेंडूचं नाव ठेवलं त्याच्या घरी दगडाला लोणी म्हणत असावेत, असं त्याचं ठाम मत झालं. भीमराजच्या आईनं, रुक्माबाईनं, चेंडू खाटेच्या खुरावर ठोकून पाहिला आणि लसूण ठेचायला बरा आहे म्हणून शेरा दिला.

बातमी अशी होती की शाळेच्या मुलींच्या संघात आकांक्षा पिचर झाली होती. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी. समोरची पोरगी तो दांड्यानं मारायला बघणार आणि तिच्या मागं बसलेली दुसरी तो झेलणार. झेलायला होती गुलनाज, म्हणजे समोरच्या नासेरभाई गादीवाल्यांची मुलगी. दोघी एका गल्लीत राहायच्या, एका बाकावर बसायच्या आणि एकीला सर्दी झाली की दुसरी शिंकायची. क्रीडाशिक्षक नरसिंग सरांनी खेळ सुरू करून दिला न दिला तोच त्यांना मतदार याद्यांच्या कामाला जुंपलं. जाताना त्यांनी घरोघर निरोप धाडला, की जिल्ह्याच्या स्पर्धा हिंगोलीला आहेत, तोवर पालकांनी सराव करून घ्यावा.

हाच निरोप दुसऱ्या घरी गेला असता तर पालकांनी हो म्हणून विसरून टाकला असता. पण भीमराज कॉलेजात फास्ट बॉलर होता. त्याच्या बॉलिंगविषयी दोन मतं होती. एक त्याचं, आणि दुसरं ज्यांनी ती पाहिली होती त्यांचं. त्यानं पोरीच्या पाठीवर डावा हात ठेवला, कारण उजवा बर्फात होता, आणि सांगितलं की आता काळजी करायची न्हाई, आपल्या घरातच कोच आहे. मग रनअप, खांदा, हात कानाला घासून वरून कसा यायला पाहिजे, यावर तो बोलत राहिला. आकांक्षानं सगळं ऐकून घेतलं.

"पप्पा, वरून नसतं टाकायचं," ती म्हणाली. "खालून असतं."

भीमराज हसला. ती हसली नाही. गुलनाज दारात उभी होती, तीही हसली नाही. हात सबंध गोल फिरवायचा आणि कमरेपाशी आला की सोडायचा, असं दोघींनी मिळून समजावलं. हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता, कारण त्याला बर्फ लावायची सोय नव्हती. खालून टाकायच्या गोष्टी म्हणजे लहानपणीच्या गोट्या आणि म्हशीपुढची पेंढी, एवढंच त्याला ठाऊक. एका फास्ट बॉलरच्या पोटची पोर चारचौघांत खालून टाकणार. बायको ज्योती सरकारी दवाखान्यात नर्स होती, माणसाची सगळी दुखणी पाहिलेली. तिनं बर्फ बदलत सुचवलं की पोरी आपापल्या शिकून राहिल्यात तर शिकू द्यावं. त्यावर भीमराज बराच वेळ भिंतीकडं बघत बसला. नवऱ्याची इज्जत दुखावली की तो भिंतीकडं बघतो, हे ज्योतीला माहीत होतं. तिनं कांदा चिरायला घेतला.

पण त्यानं मनावर घेतलं ते घेतलंच. नरसिंग सरांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता, तो भीमराज रोज जेवणानंतर लावून बसायचा. परदेशातली एक उंच बाई अंग आडवं करून उभी राहायची, चेंडू दोन्ही हातांत धरून क्षणभर थांबायची, मग लांब ढांग टाकायची, हात गरकन वर, मागं, खाली, आणि चेंडू सुटायच्या नेमक्या जागी व्हिडिओ अडकायचा. पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं. चक्र थांबलं की चेंडू झेलून झालेला असायचा आणि बाई हसत असायची. गल्लीत तेवढंच नेट यायचं. अशा रीतीनं भीमराज त्या विद्येत सुटायची जागा सोडून सगळं शिकला.

पहिलं प्रात्यक्षिक गल्लीत झालं. अर्धी गल्ली जमली. पुढं येऊन उभे राहिले अमृतराव, शेजारच्या घरातले निवृत्त तलाठी, ज्यांना जमिनीच्या मोजणीपासून मूतखड्यापर्यंत सगळ्यातलं कळायचं. हात फिरवायचा तर रहाटासारखा फिरला पाहिजे, जात्यासारखा न्हाई, असं त्यांनी सांगितलं, आणि दोन्हींत फरक काय हे विचारायच्या आत ते चहाचा कप घेऊन बाजूला झाले. कोणाला लागायला नको म्हणून भीमराजनं सगळ्यांना मुद्दाम आपल्या पाठीमागं उभं केलं. पुढं फक्त गुलनाज, हातात मोठा हातमोजा घेऊन बसलेली. भीमराज आडवा उभा राहिला, त्यानं ढांग टाकली, हात गरकन वर नेला, आणि बोटांना वाटलं आता सोडावा.

चेंडू मागं गेला. सुरक्षित ठेवलेल्या माणसांत तो उतरला तेव्हा अमृतरावांच्या हातात फक्त कपाचा कान उरला होता. कान धरून ते कितीतरी वेळ तसेच उभे होते. गुलनाज हातमोजा उघडा धरून अजून वाट बघत होती.

"पुढं जाणारा चेंडू मागं कसा आला बाबा?" अमृतरावांनी शेवटी विचारलं.  वारं होतं, एवढं भीमराज म्हणाला. वारं अजिबात नव्हतं.

यावर तोडगा काढला नासेरभाईंनी. त्यांचं म्हणणं पडलं की माणसांवर कशाला, गादीवर टाका. त्यांच्या दुकानात पलीकडच्या गल्लीतल्या जनकाबाईची गादी कापूस पिंजायला आली होती, ती त्यांनी दोरीनं गल्लीतल्या भिंतीला टांगली. "ये पुरानी है, साब, इसको क्या होता," असा भरवसाही दिला. मग रोज संध्याकाळी भीमराज बाजूला उभा राहून सूचना द्यायचा आणि आकांक्षा गादीवर टाकत राहायची. सूचना अशा असायच्या, की उजवा पाय ओढ, डावा गुडघा सांभाळ, डोकं हलू देऊ नको, श्वास घे, श्वास सोड, डोकं कशाला हलवतेस. पोरगी एकदाही उलटून बोलली नाही. चेंडू गादीत धप्प करून बसायचा.

एके रविवारी सकाळी धप्पऐवजी फस्स असा आवाज आला. गादी फुटली. त्या दिवशी मात्र वारं होतं. अख्ख्या गल्लीत कापूस उडाला, तारांवर बसला, कुकरच्या शिट्टीवर बसला, आणि दारात डोक्याला तेल थापून ऊन खात बसलेल्या अमृतरावांवर तर असा बसला, की आतून आलेल्या त्यांच्या बायकोनं क्षणभर हे कोणाचं मेंढरू म्हणून पाहिलं. जनकाबाई आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रिकाम्या खोळीला हात लावून उभी राहिली, अन् नासेरभाई तिच्यामागं नवी गादी नवी गादी करत फिरत राहिले.

या गोंधळात गुलनाज एकटीच खोळीजवळ वाकून बघत होती. बाकी गादीला कुठं ओरखडासुद्धा न्हाई, सगळे चेंडू एकाच जागी बसलेत, असं ती सांगून राहिली होती. पण केसांतला कापूस काढायच्या गडबडीत तिचं कोणी ऐकलं नाही. गल्लीचा निकाल लागला, की इथं आता हा खेळ न्हाई.

राहिली भीमराजच्या कार्यालयामागची मोकळी जागा. त्यानं रीतसर अर्ज केला. अर्ज आवक विभागात, म्हणजे त्याच्याच टेबलावर आला. स्वतःचा अर्ज स्वतः घेता येत नाही म्हणून त्यानं तो शेजारच्या प्रेमसिंगकडं दिला. प्रेमसिंग सालस माणूस. कामाची सगळी पद्धत तो भीमराजकडूनच शिकला होता, म्हणून अर्ज चौथ्या दिवशी त्रुटी काढून परत आला. चेंडू मऊ असल्यास मैदानाची आवश्यकता काय, आणि कठीण असल्यास त्यास मऊ का संबोधण्यात आले, याचा खुलासा सादर करावा. भीमराजनं वाचलं आणि तो हादरला. वाक्याची ठेवण त्याचीच होती. या ठेवणीनं त्यानं आजवर किती लोकांना जिना चढायला लावला असेल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्यानं तो लगेच घालवला आणि खुलासा लिहायला घेतला. खुलाशावर आणखी खुलासा मागवला गेला. अखेर साहेबांनीच वैतागून तोंडी सांगितलं, की टाका काय टाकायचं ते, पण मी गावात नसताना.

जागा मिळाली आणि भीमराजचं डोकं चालायला लागलं. चेंडू वेगानं का जात नाही? कारण पोरगी जागच्या जागी उभी राहून टाकते. उभ्यानं टाकून जगात कोणाला वेग आलाय? त्यानं रनअप आणला. मागून पळत यायचं, आणि हात एकदा फिरवून जी ताकद येते ती तीनदा फिरवली तर तिप्पट येणार, हे तर गणितच. आकांक्षानं एकदा विचारलं, की व्हिडिओतली बाई तर थांबते, आपण काहून पळायचं? भीमराज म्हणाला, ती बाई उंच आहे. पोरगी पळायला लागली. हात पवनचक्कीसारखा फिरायचा आणि चेंडू कधी भिंतीच्या पलीकडं, कधी गुलनाजच्या कपाळाच्या दिशेनं जायचा. वेग मात्र आला, असं भीमराजनं घरी सांगितलं. ज्योतीनं गुलनाजच्या कपाळाला लावायला मलम दिलं.

हिंगोलीला नासेरभाईंच्या गाद्यांच्या टेम्पोतून गेले. पुढं नासेरभाई आणि अमृतराव, मागं गाद्यांवर दोन्ही पोरी, भीमराज आणि सुट्टी टाकून आलेली ज्योती. बाकीच्या मुली नरसिंग सरांबरोबर एसटीनं आल्या होत्या. सरांना त्या दिवसापुरतं मोकळं केलं होतं. ते इतके दमले होते की मैदानावर पोचल्या पोचल्या झाडाखाली बसले आणि बसल्या जागी झोपले.

भीमराजनं आकांक्षाला बरोबर समोर दिसेल अशा जागी खुर्ची मांडली. सामना सुरू झाला. पोरगी चेंडू घेऊन उभी राहिली, तिनं बापाकडं पाहिलं. बापानं दोन बोटांनी पळायची खूण केली. ती चार पावलं मागं गेली, पळत आली, हात गरगर फिरला आणि चेंडू सुटला.

पंच म्हणून आलेल्या मॅडमनी हात वर केला आणि चेंडू बाद ठरवला. भीमराजला वाटलं, त्यांना नीट दिसलं नसेल. दुसरा बाद झाला. तिसराही झाला. मॅडम आकांक्षाजवळ गेल्या, तिला काहीतरी सांगितलं. पोरीनं मान हलवली, बापाकडं पाहिलं आणि पुन्हा पळाली. चार चेंडू असे गेले की समोरची पोरगी दांडा खाली टाकून फुकटात धावेच्या वाटेवरल्या पहिल्या टप्प्यावर जाऊन उभी. मग दुसरी आली. मग तिसरी. सगळे टप्पे भरले, आता नवी आली की सगळ्यात पुढची धाव पुरी करायची, आणि त्यानंतरच्या पोरीनं नुसतं उभं राहून एक धाव मिळवली, मग तिच्या मागचीनं दुसरी. दांड्याला चेंडू लागलाच नव्हता. अमृतराव मोठ्यांदा म्हणाले, की ह्या पोरी खेळायला आल्यात की रेशनच्या रांगेत उभ्या राहायला? आजूबाजूचे हसले.  पळायचं नसतंच, एका जागी थांबून, एकदाच हात फिरवून टाकायचा असतो, हे शेजारी बसलेल्या कोण्या शाळेच्या शिपायानं त्याला सहज, शेंगा सोलता सोलता सांगितलं.

त्यानं मान वर केली तर आकांक्षानं खेळ थांबवायला सांगितलं होतं आणि ती सरळ त्याच्याकडं चालत येत होती. गुलनाज हातमोजा काखेत धरून मागं उभी. पोरगी कुंपणाच्या दोरीपाशी थांबली. घामानं केस कपाळाला चिकटले होते.

"पप्पा, तुमी जरा तिकडं तोंड करून बसा," ती म्हणाली.

"काहून?"

"तुमी दिसले की मला पळावंच लागतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भीमराजला भिंतीकडं बघता आलं असतं. तो ज्योतीकडं वळला. ज्योतीनं त्याच्या खुर्चीचा हात धरला आणि खुर्ची उलटी फिरवून दिली. म्हणजे ही पोर इतका वेळ त्याच्यासाठी पळत होती. चुकतंय हे तिला ठाऊक होतं, मॅडमनी सांगितलं होतं, व्हिडिओतल्या बाईनं रोज थांबून दाखवलं होतं, अन् तरी पप्पा समोर आहेत म्हणून पळत होती. भीमराज मैदानाकडं पाठ करून बसला. समोर रसवंतीचं बंद खोपटं आणि एक शेळी. शेळीनं त्याच्याकडं पाहिलं. एवढा मोठा धक्का त्याला त्या दिवसापर्यंत बसला नव्हता.

मग मागून आवाज आला. थाड. कातडी हातमोज्यावर चेंडू बसल्याचा, कोरडा, टणक आवाज. गादीतला धप्प नव्हे. भीमराजचा उजवा तळहात आपोआप मिटला.

"क्या हुआ, नासेरभाई?" त्यानं शेळीकडं बघतच विचारलं.

नासेरभाईंनाही खेळ फारसा कळत नव्हता, पण ते बघतील तसं सांगत गेले. आकांक्षा नुसती उभी आहे, म्हणाले. चेंडू दोन्ही हातांत धरलाय. आता हात फिरवला, एकदाच. कमरेला घासून आला. थाड. समोरचीनं दांडा फिरवला, पण चेंडू गुलनाजच्या हातात आधीच पोचलेला. पुन्हा थाड. "लकडीवाली वापस गयी, साब. दुसरी आयी." थोड्या वेळानं म्हणाले, तीही गेली. भीमराज आवाज ऐकत राहिला. प्रत्येक थाडबरोबर लोकांचा गलका वाढत चालला. ज्योती, जी दवाखान्यात कोणाच्या बाळंतपणातही आवाज चढवत नसे, ती उभी राहून ओरडत होती. भीमराजला वळावंसं फार वाटलं. मान निम्मी वळलीसुद्धा. पण पोरीनं तिकडं बघा म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्यानं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि शेवटपर्यंत शेळी बघितली.

सामना एका धावेनं गेला. सुरुवातीला फुकट वाटलेल्या धावा कोणाच्या खात्यावर घालायच्या, यावर अमृतरावांना बोलायचं होतं, पण ज्योतीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पाणी प्यायला गेले.

पंच मॅडम दोरीपाशी आल्या. विभागाच्या निवडीला जिल्ह्यातून मुली पाठवायच्या आहेत, त्यात हिचं आणि झेलणारीचं नाव देतेय, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी आकांक्षाचं मनगट हातात घेऊन पाहिलं. मनगटाचा झटका इतका सफाईचा आहे, हे कोणी शिकवलं?

भीमराज खुर्चीतून उठला. त्यानं शर्ट खाली ओढला.

"गुलनाजनं," आकांक्षा म्हणाली.

रोज पप्पांचा सराव संपला की गच्चीवर दोघी पुन्हा टाकायच्या, असं तिनं सांगितलं. हात कमरेला घासून आला की चेंडू हातमोज्यात येतो, न्हाई आला की कपाळावर येतो, एवढं गुलनाजला बसल्या जागेवरून दिसायचं, ती तसं सांगायची. भीमराज परत खाली बसला. पोरीनं त्याच्याकडं पाहिलं आणि घाईनं म्हणाली, "अन् बाकी सगळं पप्पांनी शिकवलं."

"बाकी म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

आकांक्षानं प्रामाणिकपणे विचार केला. "काय करायचं नसतं ते."

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. तेही यावं लागतं, एवढंच म्हणाल्या.

 परतीच्या वाटेवर टेम्पोत गाद्यांवर पाय पसरून गुलनाज झोपली. भीमराज मागं पळणाऱ्या रस्त्याकडं बघत होता. त्याला राग आला होता की नव्हता हे त्याचं त्यालाच नक्की कळत नव्हतं. ती उभी राहून टाकत होती तेव्हा कशी दिसत असेल, हे जिल्ह्यातल्या येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहिलं आणि बापानं शेळी पाहिली, हे त्याला सारखं लागत होतं. कळमनुरी जवळ आली तशी आकांक्षा सरकून त्याच्याजवळ बसली आणि तिनं राग आला का म्हणून विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. मग मनगट तिच्यापुढं धरून म्हणाला, "ते मनगटाचं मला दाखवशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीनं पाहिलं ते असं. भीमराज पाईकराव आडवा उभा, हातात पायमोज्यांचा बोळा, कारण खरा चेंडू त्याच्या हातात द्यायला आकांक्षानं नकार दिला होता. ती त्याच्या मनगटाला बोट लावून सांगत होती आणि तो, जन्मात पहिल्यांदा, काहीच सूचना देत नव्हता. बोळा पुढं गेला. फार लांब नाही, पण पुढं गेला. दारात खुर्चीवर ऊन खात बसलेल्या रुक्माबाईनं मान डोलावली.

तेवढ्यात अमृतराव आले. त्यांनी आपल्या नातीचा हात धरला होता. नात सहावीत, अंगानं काटक, आणि तिच्या हातात तिच्या दुप्पट लांबीचा, एका टोकाला तासून अणकुचीदार केलेला बांबू.

"हिला शाळेत भालाफेकीत घेतलंय," अमृतराव म्हणाले. त्यांचा चेहरा गंभीर होता, ते थट्टा करत नव्हते. "भीमराज, काय करायचं ते ती शिकंल. काय न्हाई करायचं, तेवढं तू शिकव."

भीमराज त्या बांबूकडं बघत राहिला. मग, नकळत, त्याचा उजवा हात पुढं झाला.

ज्योती आतून बाहेर आली. तिनं अमृतरावांकडं पाहिलं, नवऱ्याच्या पुढं झालेल्या हाताकडं पाहिलं, आणि सासूला खुर्चीसकट उचलून आत नेलं.